दुसऱ्या भागात तिच्या रिंगा कुठे गेल्या? शहरी शृंगारकथांच्या लेखिकांना आणि संपादकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुम्ही अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या बायकांच्या गोष्टी इंग्रजीत लिहिता आणि हे पत्र मराठीत आहे, तेव्हा ते तुमच्या हातात पडणार नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमची पुस्तकं तरी माझ्या हातात कुठे रीतसर पडली? कुणी शिफारस केली नव्हती, कुणी भेट दिली नव्हती. फोनवर एक उघडलं, त्याच्या शेपटाला धरून दुसरं आलं. माझ्यासारख्या मराठी वाचणाऱ्या-बोलणाऱ्या आणखीही बायका असणार. फोनवर वाचण्याची सोय अशी की शेजारी बसलेल्याला मुखपृष्ठ दिसत नाही. गैरसोय अशी की पुस्तक संपल्यावर त्याबद्दल कुणाशी अवाक्षर बोलता येत नाही. पत्र तुमच्या नावानं आहे, पण थोडं त्यांच्यासाठीही आहे.

परवा रात्री पावणेदोन वाजता मी दुसरा भाग संपवला. कादंबरीचं नाव लिहीत नाही, लेखिकेचंही नाही. एक तर हे गाऱ्हाणं एकट्या तिचं नाही, गेल्या काही वर्षांत वाचलेल्या निम्म्याअधिक उत्तरार्धांना ते लागू पडतं. दुसरं म्हणजे तिच्या पहिल्या भागानं मला तीन रात्री जागवलं होतं, ते ऋण डोक्यावर आहे. पहिल्या भागाला कुणी नावं ठेवली तर मी आजही पदर खोचून भांडेन. दुसऱ्याबद्दल भांडायचं ते तुमच्याशी.

पहिल्या भागात नायिका तेवीस वर्षांची आहे. फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या अरुंद घरांच्या रांगेत, आजीबरोबर राहते. सलूनमध्ये बायकांचे केस धुऊन देते. तिच्या कानात सोन्याच्या मोठ्या रिंगा आहेत, बांबूसारखी पेरं असलेल्या. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमध्ये मुलगी मारामारीला उतरली की आधी कानातलं काढून मैत्रिणीच्या हातात देते. रिंग धरून ओढली तर पाळी फाटते, म्हणून. रिंगा निघाल्या म्हणजे तोंडाचं काम संपलं, आता हातांचं सुरू, हे सगळ्या गल्लीला कळतं. लेखिकेनं ही सवय उचलली आणि थेट पलंगापाशी नेऊन ठेवली. ही मुलगी पुरुषाजवळ जाण्याआधी रिंगा काढते आणि बेसिनच्या कडेला एकीवर एक ठेवते. पहिल्या वेळी वाटतं, टोचत असतील. दुसऱ्या वेळी वाटतं, लेखिकेला सांगितलेलं पुन्हा सांगायची खोड दिसते. तिसरा पुरुष येतो तेव्हा आपल्या लक्षात येतं की हिच्या लेखी पलंग आणि मारामारी यांत काही फरक नाही. आणि मग शेवटून दुसऱ्या प्रकरणात, एका माणसाबरोबर, ती रिंगा काढायला विसरते. लेखिका त्यावर काही म्हणत नाही. सकाळी तिच्या गालावर अर्धा गोल वळ उमटलेला असतो, तो आजीला दिसतो, आजी चहाचा कप पुढे सरकवते. बस्स. त्या वळात जेवढा शृंगार आहे तेवढा दुसऱ्या भागाच्या साडेतीनशे पानांत मला सापडला नाही.

दुसऱ्या भागात रिंगा नाहीत. हरवल्या असत्या, विकल्या असत्या, आजीच्या औषधासाठी गहाण पडल्या असत्या, तरी मी काही बोलले नसते. पण त्यांचं काय झालं हे सांगायचीही कुणाला गरज वाटलेली नाही. त्यांच्या जागी हिऱ्याचे खडे आलेत, किती कॅरटचे ते सांगून. ते ती कधी काढते, कधी घालते, याची लेखिकेला फिकीर नाही. आणि आजी? आजी दोन भागांच्या मधल्या कोऱ्या पानात वारली. दुसऱ्या प्रकरणात एका वाक्यात कळतं, तेही गाडीच्या आणि घड्याळाच्या वर्णनाच्या मध्ये.

आता जे सांगायचं ते चारचौघांत सांगायला जड जातं, पण खुलं पत्र म्हटल्यावर लाजून कसं चालेल. पहिल्या भागात शय्येचे प्रसंग चार आहेत. दुसऱ्यात अकरा. मी फोनवर खुणा करत मोजले. अकरा झाले म्हणून माझं काही दुखलं नाही. मी शृंगारकथा वाचायला बसलेय, हरिपाठ नव्हे. पण त्या अकरांपैकी एकेक उचलून बाजूला ठेवून बघितला, तर नऊ प्रसंग काढले तरी पुढचं काहीही ढासळत नाही. पहिल्या भागात असं करून बघा. दुसरा प्रसंग काढला तर तिला पैसे कुठे लपवलेत ते कळतच नाही, कारण ते तिला त्याच्या झोपेतल्या बडबडीतून कळतं. तिसरा काढला तर मैत्रिणीशी तिचं का तुटलं ते कळत नाही. चौथा काढला तर वळ नाही, आजीचा कप नाही, पुस्तकच नाही. तिथे प्रत्येक वेळी दोघांपैकी एकाचं पारडं जड होतं, दुसऱ्याचं हलकं. कुणाला तरी काहीतरी नको असलेलं समजतं. कुणीतरी कर्जात पडतं. दुसऱ्या भागात दोघंही जसे आत जातात तसेच बाहेर येतात, फक्त हॉटेलची खोली अधिकाधिक महाग होत जाते.

आणि केस! केसांबद्दल मी गप्प बसूच शकत नाही. पहिल्या भागात नायिका स्वतः सलूनमधली, तिला केसांचा जीव. तापवलेल्या कंगव्यानं दोन तास बसून सरळ केलेले केस घाम आला की मुळापासून पुन्हा आक्रसतात, म्हणून ती एका शुक्रवारी त्या माणसाला दारातूनच परत पाठवते. रविवारी चर्चला जायचंय, आज नाही. तो हसतो, पायरीवर बसून राहतो, ती आतून सॅटिनची टोपी घालून खिडकीत येते आणि दोघं तासभर गप्पा मारतात. स्पर्श नाही, काही नाही, आणि तरी पान उलटताना माझे कान गरम झाले होते. झोपताना केस जपायला घालायची ती टोपी पुरुषाला दिसू देणं हीच तिथे केवढी मोठी जवळीक आहे. हे सगळं तुमच्या वाचक बायकांना सांगावं लागत नाही, मला दोन ठिकाणी विचारून घ्यावं लागलं. दुसऱ्या भागात नायिकेचे केस साडेतीनशे पानं वाऱ्यावर उडतात आणि कधीही बिघडत नाहीत. ती आता तीन सलूनची मालकीण आहे म्हणे. तीन सलूनच्या मालकिणीला एकदाही सकाळी आरशात बघून ‘अरे देवा’ म्हणावंसं वाटू नये?

याहून गंभीर एक गोष्ट आहे. पहिल्या भागात ती एकदा ‘नको’ म्हणते. तो थांबतो. थोडा रुसतो, मग स्वयंपाकघरात जाऊन अंडी तळतो, दोघं रात्री एक वाजता उभ्याउभ्या खातात. त्या अंड्यांनंतर मी त्या माणसाच्या बाजूची झाले. त्याचे धंदे काळे आहेत, पिस्तूल त्याच्या गादीखाली आहे, हे माहीत असून. दुसऱ्या भागात नवा माणूस आहे. ती ‘नको’ म्हणते आणि तो ऐकत नाही. पुढच्या परिच्छेदात तिचं शरीर ‘खरं बोलू लागतं’, आणि त्यापुढच्या परिच्छेदात ती त्याच्या प्रेमात आहे. संपादकांनो, हे पान तुमच्या टेबलावरून गेलं ना? तुम्ही तिथे पेन्सिल थांबवली की पुढे सरकलात? काळोखी गोष्ट लिहू नये असं माझं म्हणणं नाही. या प्रकारात बायकांवर काय काय गुदरतं ते तुम्ही जितकं निर्भीडपणे लिहिलंय तितकं फार कमी जणांनी लिहिलंय. पण जबरदस्ती असेल तर तिला जबरदस्ती म्हणा, तिचा हिशेब पुढच्या प्रकरणांत येऊ द्या. ज्या मुलीला तेवीसाव्या वर्षी ‘नको’ म्हणता येत होतं तिला एकतिसाव्या वर्षी म्हणता येत नसेल, तर मधल्या आठ वर्षांत काय झालं हीच दुसऱ्या भागाची गोष्ट होती. ती समोर पडलेली होती. तुम्ही तिच्यावरून गाडी नेलीत.

इथवर वाचून एखाद्या सोवळ्या वाचकाला वाटेल की ही आपल्याच गोटातली. नाही हो. तो गोट मला चांगला माहीत आहे. ४ जानेवारी २००६ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये निक चाइल्स या लेखकाचा लेख आला होता. अटलांटाजवळच्या लिथोनियातल्या एका मोठ्या पुस्तकदुकानात तो गेला, आणि कृष्णवर्णीय लेखकांच्या कपाटात त्याला जिकडेतिकडे उघडीवाघडी मुखपृष्ठं दिसली. आपली पुस्तकं यांच्या शेजारी, या विचारानं त्याला लाज वाटली आणि रागही आला. त्याचं एक दुखणं खरं होतं. दुकानं काळ्या लेखकांचं सगळं काही एकाच कपाटात कोंबत होती, मग ते इतिहासाचं असो की शेजघरातलं. पण तो दोष कपाटाचा. त्याचं खापर या पुस्तकांवर आणि ती वाचणाऱ्या बायकांवर फुटलं.

आमच्याकडेही हे होऊन गेलंय. १९६२च्या एका दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९मध्ये ते निर्दोष सुटले. न्यायालयाला ती कथा साहित्य म्हणून काही फार थोर वाटली नव्हती, पण तेवढ्यानं ती अश्लील ठरत नाही, असा निवाडा झाला. मला हे फार आवडतं. न्यायालयाचं काम तिथे संपतं, आणि माझं तिथून सुरू होतं. पुस्तक अश्लील आहे का हे वकिलांना विचारा. दुसरा भाग रटाळ आहे का हे मला विचारा.

तुमच्या या प्रकाराला मी आदरानं बघते, त्याला कारण आहे. व्हिकी स्ट्रिंगर या बाईनं पहिली कादंबरी तुरुंगात लिहिली. बाहेर आल्यावर २६ प्रकाशकांनी ती परत पाठवली. मग तिनं ती स्वतःच छापली आणि गाडीच्या डिकीत घालून विकली, सलूनमध्ये, गाड्या धुवायच्या ठिकाणी. त्यातून ओहायोमधल्या कोलंबस शहरात ट्रिपल क्राऊन पब्लिकेशन्स उभी राहिली. टेरी वुड्सनंही डिकीतूनच सुरुवात केली. झेन या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखिकेनं १९९७च्या सुमाराला ओळखीच्यांना ईमेलनं गोष्टी पाठवायला सुरुवात केली, त्या हातोहात पुढे गेल्या. पुढे तिनं स्वतःचं प्रकाशन काढलं त्याचं नाव स्ट्रेबोर, म्हणजे तिचं आडनाव रॉबर्ट्स उलटं लिहिलेलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर फुटपाथवर टेबलं टाकून ही पुस्तकं विकली जायची.

डिकी आणि टेबल यांची एक गोष्ट मला राहून राहून आठवते. तिथे लेखिका किंवा तिच्या ओळखीचा विक्रेता वाचकाच्या समोर उभा असायचा. पुढच्या शनिवारी तीच बाई परत येऊन तोंडावर सांगू शकत होती की बाई गं, त्या मुलीला तू असं का केलंस. दुसरा भाग लिहिताना त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे येणारच.

आता डोळ्यांपुढे काय येतं? मला वाटतं पानं. दरमहा ठरावीक पैसे भरून फोनवर हवी तेवढी पुस्तकं वाचायची अॅमेझॉनची किंडल अनलिमिटेड ही योजना जुलै २०१४मध्ये सुरू झाली, तेव्हा वाचकानं पुस्तकाचा दहा टक्के भाग ओलांडला की लेखकाला त्याचा पूर्ण वाटा मिळायचा. मग साहजिकच एका गोष्टीचे सहा तुकडे करण्यात फायदा होता. चाळीस पानांचा भाग, चार पानं वाचली की पैसे, आणि शेवटी दारावर टकटक. जुलै २०१५पासून हिशेब बदलला आणि वाचलेल्या पानांवर पैसे मिळू लागले. मग साहजिकच पानं फुगवण्यात फायदा होता. माझ्या फोनवर त्या दोन्ही काळांतले उत्तरार्ध आहेत आणि मला तारीख न बघता ओळखता येतात. आधीचे कापलेले, नंतरचे ताणलेले. परवा वाचलेला ताणलेल्यांपैकी. हॉटेलच्या खोलीचं वर्णन अडीच पानं चालतं, त्यात पडद्यांचा रंग दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा वेगळा.

लेखिकांना मी यासाठी दोष देत नाही. घरभाडं कुणाला चुकलंय. ज्या बायकांना मोठ्या प्रकाशकांनी दारातून परत पाठवलं त्यांनी पान मोजून देणारा मालक पत्करला, तर त्यांच्याकडे बोट दाखवायचा हक्क मला नाही. पण संपादकांनो, तुमचं काय? तुमचा पगार पानांवर ठरत नाही. पडद्यांचा रंग तरी बघा.

मालिका म्हणजे वाईटच, असंही मी म्हणत नाही. तुमच्या प्रकारात ती जुनी आहे. डेट्रॉइटच्या डोनाल्ड गोइन्सनं सत्तरीच्या दशकात, १९७४मध्ये त्याचा खून होईपर्यंतच्या मोजक्या वर्षांत, सोळा कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या चार, टोपणनावाखाली, एकाच नायकाच्या आहेत. आम्ही मराठी वाचक तर ‘क्रमशः’ या शब्दावर वाढलो. साप्ताहिकातल्या धारावाहिक कादंबरीच्या तळाशी ‘क्रमशः’ दिसलं की चरफडत का होईना, आठवडाभर थांबायची आम्हाला सवय. पण त्या शब्दात एक वचन असतं: सोडलं तिथूनच धरीन. तुमच्या दुसऱ्या भागांनी हे वचन मोडलंय. सोडलं एकीकडे, धरलं भलतीकडे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सिस्टर सोल्जाची ‘द कोल्डेस्ट विंटर एव्हर’ १९९९ची. ती काही शृंगारकथा नाही, पण या सगळ्या घराण्याची आजी तीच. ब्रुकलिनच्या ड्रगविक्रेत्याची लाडावलेली मुलगी विंटर शेवटी पंधरा वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात जाते. आईच्या अंत्यविधीला तिला आणतात तेव्हा धाकटी बहीण पोर्शा दिसते, महागड्या कपड्यांत, त्याच वाटेवर निघालेली. विंटर तिला सावध करू शकते. करत नाही. हिचं हिला कळेल, म्हणते, आणि पुस्तक संपतं. त्या गप्प राहण्यानं वाचक बायका किती वर्षं तळमळल्या असतील! मधे २००८मध्ये मिडनाइट या पात्राचं आणि २०१३मध्ये पोर्शाचं पुस्तक आलं, पण विंटरचं स्वतःचं पुढचं यायला २०२१ उजाडलं. आणि बावीस वर्षांनी आलेली विंटर बहुतेक वेळ मेल्यानंतरच्या जगात आहे. नाव वाचूनच कळतं, ‘लाइफ आफ्टर डेथ’. पुष्कळ वाचक चिडले. मी चिडले नाही, मला वाईट वाटलं. पंधरा वर्षं आत काढलेली, तिशी ओलांडलेली बाई बाहेर येते, तिच्या ओळखीचे रस्ते, माणसं, कपडे, पैसा सगळं बदललेलं, आणि समोर ती बहीण जिला आपण सांगितलं नाही. या भेटीसाठी मी थांबले होते. परलोक मला कीर्तनात ऐकायला मिळतो.

तरी एक गोष्ट सोल्जाच्या पदरात टाकायला हवी. तिनं पहिल्या भागाची नक्कल केली नाही. पडली ती धाडस करून पडली. माझ्या पावणेदोनच्या कादंबरीनं तेवढंही केलं नाही.

चांगल्या रीतीनं पुढे जाणारं उदाहरणही तुमच्यातच आहे. झेनची ‘अॅडिक्टेड’ घ्या. झोई ही अटलांटातली यशस्वी, संसारी बाई आपली न आवरणारी वासना घेऊन मार्सेला स्पेन्सर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाते. २००३च्या ‘नर्व्हस’मध्ये झोईचीच रामकहाणी पुढे रेटायचा मोह किती सोपा होता. त्याऐवजी दवाखाना तोच, डॉक्टर त्याच, आणि समोरच्या खुर्चीत दुसरीच बाई, जिच्या आत दोन बायका राहतात. एक पुरुषांना घाबरणारी, दुसरी रात्री बाहेर पडणारी. पुस्तकातलं सगळंच मला पटलं असं नाही, काही ठिकाणी फारच सोयीचं वाटलं. पण युक्ती बघा. पहिल्या भागातली माणसं नव्हे, पहिल्या भागातला प्रश्न पुढे आला: बाईची इच्छा तिच्या मालकीची असते की तिच्यावर मालकी गाजवते? तो प्रश्न नव्या देहात आला म्हणून ताजा राहिला.

मला प्रत्येक वेळी नवी बाई नको आहे. उलट मला तीच हवी होती, पण आठ वर्षांनी मोठी. एकतिसाव्या वर्षी, दिवसभर सलूनमध्ये उभं राहून पोटऱ्या भरून आलेली. पहिल्या भागात बारा तास उभं राहूनही तिला रात्री नाचायला जायचं असतं, आता नसेल. आता तिला आधी कुणीतरी पाय चेपून द्यायला हवे असतील, आणि ज्या माणसाला हे न सांगता कळेल त्याच्यासाठी ती रिंगा काढील की ठेवील? यावर एक प्रकरण लिहा, मी दुसऱ्या दिवशीची झोप सोडून देते. थकलेल्या बाईची इच्छा हा विषय तुमच्याइतका मोकळेपणानं कोण लिहिणार? तुमच्या वाचक बायका दिवसभराच्या कामानंतर, मुलं झोपल्यावर, एका डोळ्यानं पुस्तक वाचतात. मीही तशीच वाचते. आम्हाला पोटऱ्या माहीत आहेत.

आणि कृपा करून मेलेल्यांना मेलेलं राहू द्या. पहिल्या भागाचा अंडी तळणारा माणूस गोळी लागून गेला. मी रडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर बेल वाजते आणि दारात तो. आठ वर्षं कुठे होता, कुणी पुरलं, कुणाला पुरलं, आणि माझ्या त्या रडण्याचं काय? ‘पुढील भागात.’ माझे अश्रू परत करायची काही सोय त्या अॅपमध्ये दिसली नाही.

तिसऱ्या भागाची आगाऊ नोंदणी सुरू झाली आहे. मी केली. हसू नका. माणूस परत आलाच आहे, तर त्याला निदान पायरीवर बसवा. ती सॅटिनची टोपी घालून खिडकीत येऊ दे. मधली आठ वर्षं त्यांना तिथूनच बोलू द्या, भांडू द्या, ‘नको’चा तो दुसरा माणूसही त्यात येऊ दे, आजीही येऊ दे. आत जायची घाई करू नका. आम्ही थांबतो. ‘क्रमशः’वर वाढलेल्या बायका आहोत आम्ही.

आपली,
पहिल्या भागाची एक वाचक

ता. क. पत्र लिहून झाल्यावर दुसऱ्या भागाचं मुखपृष्ठ मोठं करून बघितलं. उघडी पाठ, साखळी, मागे शहराचे दिवे, सगळं नेहमीचंच. पण मान वळवलेल्या त्या बाईच्या कानात काही नाही, नुसती भोकं. मुखपृष्ठ करणाऱ्यानं तरी पहिला भाग वाचलेला दिसतो.